मामाची कंबर आणि सरकता पलंग

नाशिक, भांडी बाजार
चैत्र वद्य पंचमी, शके १८५८

तीर्थस्वरूप सौ. अक्काच्या चरणी,

धाकटा भाऊ रंगनाथ याचा शिरसाष्टांग नमस्कार. (हा नमस्कार यंदा कागदावरच गोड मानून घे. साष्टांगाला आठ अंगे लागतात आणि त्यांतली मधली काही सध्या माझ्या ताब्यात नाहीत. जमिनीवर पडता येईल, पण पडलेल्या भावाला उठवायला कोणीतरी बोलवावे लागेल.) दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझा गुडघा आता कसा आहे? दाजींचा खोकला गुळवेलीने थांबला की गुळवेल बंद केल्यावर थांबला, ते नीट विचारून कळव, कारण त्याच गुळवेलीचा काढा इथे मला चालू आहे आणि तो बंद करायला मी निमित्त शोधतो आहे. तुझी भावजय ठणठणीत आहे. दुकान बरे चालले आहे. माझ्या प्रकृतीचे एका ओळीत सांगून मोकळा झालो असतो, पण तू प्रकृतीबद्दलच विचारलेस, तेव्हा आता पान भरेपर्यंत ऐकावे लागेल.

तुझे येवल्याचे पत्र पोचले. मैनेच्या लग्नाची तिथी वैशाखातली धरली हे वाचून फार आनंद झाला. तो आनंद पुढच्याच ओळीपर्यंत टिकला. पुढे तू लिहितेस की रंगनाथची कंबर धरली आहे असे कानावर आले, तर मैनेला उचलून बोहल्यावर कोण आणणार ते आत्ताच सांग, नाहीतर मोतीराम तयार आहे. अक्का, मोतीराम केव्हा तयार नव्हता? आपल्या काकांचा मुलगा म्हणून तो मैनेचा मामा लागतो हे मला मान्य आहे, पण लागणे वेगळे आणि असणे वेगळे. तो रोज पहाटे जोर-बैठका काढतो आणि दिवसभर त्या लोकांना सांगत फिरतो. मागच्या महिन्यात इथे आला तेव्हा माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर, पितळेची परात एका बोटावर तोलून त्याने सांगितले की दादाला आता वजनाची कामे झेपत नाहीत. परात त्याने घेतलीही नाही, वर बोटाचा डाग मात्र पाडून ठेवला.

मैना तुझी मुलगी खरी, पण तुला विषमज्वर झाला त्या साली ती आमच्याकडे आली आणि दोन हिवाळे इथे राहिली. आमच्या घरात लहान मुलाचा आवाज झाला तो तेवढाच. तेव्हा तिचा पाय अधू होता आणि रोज सकाळी तिला पूल ओलांडून पंचवटीतल्या वैद्यांकडे मालिशीला न्यावे लागे. त्या दिवसांत तिला मी शब्द दिला होता की तुझ्या लग्नात तुला उचलून नेणारा मामा मीच. त्यावर तिने मला आपल्या हातातला अर्धा चघळलेला ऊस दिला होता. असा शब्द मोतीरामला कसा काय द्यावा?

आता तुला वाटेल की एवढ्याशा गोष्टीचा रंगनाथ केवढा बाऊ करतो. आपल्या आईच्या लग्नात मामाने तिला काखेत मारून आणली आणि दुसऱ्या काखेत नारळाची पिशवी होती, असे आईच सांगायची. खरे आहे, पण आई तेव्हा आठ वर्षांची होती. आता शारदा कायदा झाला, लहानपणीची लग्ने बंद झाली. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे, वाचनालयात त्यावरून भांडलोही आहे. पण एवढी मोठी कौन्सिल, इतके विद्वान वकील, इतकी भाषणे, आणि मामांच्या कंबरेचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही! मैना आता सोळा सरून सतरावी लागलेली, माझ्यापेक्षा बोटभर उंच, पाय बरा झाल्यापासून पोहण्यात आणि जेवणात मागे न हटणारी मुलगी आहे. (तिला दृष्ट लागू नये. तिने असेच जेवावे. मी फक्त परिस्थिती सांगतो आहे.)

कंबर कशी गेली तेही सांगतो, म्हणजे मोतीरामकडून वेगळे ऐकायला नको. सिन्नरचे एक गिऱ्हाईक आहेराला घंगाळ घ्यायला आले होते. त्यांना ते जड वाटत होते. मी म्हटले, जड कसले, फुलासारखे आहे, आणि एका हाताने उचलून दाखवले. घंगाळ वर आले, मी वर आलो नाही. कंबरेत काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला आणि मी तसाच वाकलेला राहिलो. गिऱ्हाइकांना वाटले, नाशिकचे दुकानदार फारच नम्र. त्यांनी घंगाळ घेतले, वर दोन तांबे घेतले आणि मला उलट वाकून नमस्कार करून गेले. ते गेल्यावरही मी बराच वेळ नम्र होतो.

शेक झाला, तेल झाले, एरंडाची पाने झाली, गुळवेलीचे वर आलेच आहे. मग कोणीतरी प्रोफेसर यादवांचे नाव सांगितले. (हे कॉलेजातले प्रोफेसर नव्हेत, सर्कशीतले.) हे गृहस्थ झोपाळ्यावरची कामे करत जर्मनीपर्यंत गेले आणि तिथे एका गावी झोपाळ्यावरून पडले. तिथल्या दवाखान्यात त्यांना म्हणे एका अजब पलंगावर निजवले. पलंगाच्या चौकटीत चाकांवर सरकणारी फळी, फळीला खालून स्प्रिंगा, डोक्याकडे कप्प्यांवरून आलेले चामड्याचे पट्टे. माणसाने वर उताणे निजायचे, पायांनी आडव्या दांडीला रेटा द्यायचा, की फळी माणसासकट मागे सरकते आणि स्प्रिंगा तिला परत ओढून आणतात. असे सरकत सरकत यादव बरे झाले. सर्कस पुढे गेली, हे विद्या शिकून परत आले आणि पंचवटीत घोड्यांच्या एका जुन्या पागेत त्यांनी तसाच पलंग करवून घेतला. सुतारकाम इथलेच, स्प्रिंगा मोडीत निघालेल्या मोटारलॉरीच्या. पागेत अजून घोड्यांचा वास येतो, पण प्रोफेसरांचे म्हणणे की तो छातीला चांगला.

मी नाव घालायला गेलो तेव्हा त्यांनी मला चारी बाजूंनी पाहिले, पोटापाशी जास्त वेळ पाहिले, आणि पहिल्या दिवशी येताना काय तयारी हवी ते सांगितले. धोतर चालणार नाही, सोगा स्प्रिंगेत जातो. टोपी चालणार नाही. पायात मोजे हवेतच, म्हणजे दांडीवर पाय घसरत नाहीत. आणि पोट रिकामे हवे, उपाशीच यावे. अक्का, घंगाळ उचलायला मी काही तयारी केली नव्हती आणि त्याचे फळ भोगत होतो, म्हणून या खेपेला तयारीत कुठे उणे राहू द्यायचे नाही असे मी ठरवले.

प्रथम चड्डीचा प्रश्न. मुंजीनंतर मी धोतराखेरीज काही नेसलेलो नाही. आपल्या चौकातला इसाक दर्जी तुला आठवत असेल, तुझ्या लग्नातले दाजींचे कोट त्यानेच शिवले होते. मी त्याला कोपऱ्यात घेऊन हळूच सांगितले. त्याने माप घ्यायला सुरुवात केली, टेप संपली, तेव्हा एक शब्दही न बोलता त्याने तिला सुतळी जोडली. (हा त्याचा थोरपणा.) मग अगदी अदबीने विचारले की शेठ, नाटकात काम आहे का. मी व्यायाम म्हटल्यावर त्याचा चेहरा गंभीर झाला. ताण पडणार असेल तर साधे कापड टिकणार नाही म्हणाला, आणि त्याच्याकडे असलेले सगळ्यात दणकट कापड त्याने काढले, ते गादीच्या खोळीचे, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. चड्डी झाली झकास. ती घालून मी घरात फिरलो तेव्हा तुझी भावजय स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत होता, पण ती आपटत नव्हती, हसत होती.

मोजे लोकरीचेच मिळाले, थंडीतले उरलेले. चैत्रात लोकरीचे मोजे घालायची सवय व्हावी म्हणून मी ते दुकानात गादीवर बसताना घालू लागलो. दिवसभरात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने माझ्या तापाची चौकशी केली. एका म्हाताऱ्या बाईंनी तर भांडे न घेता अंगारा दिला.

मग सराव. पहिल्याच दिवशी प्रोफेसरांसमोर फजिती नको, म्हणून मी घरीच पलंग उभा केला. माजघरात जेवणाचा मोठा पाट ठेवला, त्याखाली लाटणी घातली. आमचे लाटणे एकच, म्हणून शेजारपाजारची मागून आणली. (ज्यांची लाटणी आणली त्यांच्याकडे त्या दिवशी भाकऱ्या झाल्या आणि ते आमच्याशी अजून नीट बोलत नाहीत.) स्प्रिंगा नव्हत्या. तेव्हा पाटाला दोर बांधून दुसरे टोक तुझ्या भावजयीच्या हातात दिले आणि सांगितले की मी भिंतीला पायांनी रेटा दिला की तू मला हळूहळू ओढून आणायचेस. तिने विचारले, हळू म्हणजे किती हळू? मी म्हटले, स्प्रिंगेसारखे. तिने स्प्रिंग कधी पाहिलेली नाही. तिने विहिरीवरचा रहाट पाहिलेला आहे, त्याच हिशेबाने तिने दोर ओढला. पाट थांबला पण मी थांबलो नाही, मी पुढे जाऊन पिठाच्या डब्यात डोके घातले. त्यातच आत दूध उतू जायला लागले. तिने मला काखेत हात घालून उचलले, खाटेवर ठेवले आणि दुधापर्यंत वेळेवर पोचली. दूध सांडले नाही.

वर्गाचा दिवस पंचांग बघून बुधवार धरला. आता उपाशी जायचे म्हणजे उपास आलाच. तुझ्या भावजयीने पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली, रताळ्याच्या चकत्या तुपात परतल्या, दाण्याचे लाडू वळले, वर ताक दिले. उपास मी नीट केला, कशाला नाही म्हटले नाही. तिथे गेल्यावर प्रोफेसरांनी पोट रिकामे आहे ना विचारले, तेव्हा मी छातीवर हात ठेवून सांगितले की कडक उपास आहे.

पलंगावर चढलो. आता बघ योगायोग, पलंगाच्या फळीला त्यांनी खोळीचे तेच निळे-पांढरे कापड ठोकले होते. मी उताणा झाल्यावर गादी कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो हे प्रोफेसरांना कळेना. ते चष्मा लावून आले. म्हणाले, श्वास घ्या, पोट पाठीला लावा. अक्का, माझ्या पोटाची आणि पाठीची गाठ पडून वर्षे लोटली, आणि खिचडी मध्ये असताना ती पडणार कशी? तरी मी प्रयत्न केला. दांडीवर मोज्यांचे पाय ठेवले, मैनेचे नाव घेतले आणि रेटा दिला. फळी सुरेख मागे गेली. मला वाटले, जमले! जर्मनीतल्या लोकांना जे सुख मिळते ते मला घोड्यांच्या पागेत मिळाले. इतक्यात उपासाचा एक मोठा ढेकर आला, मोजे घसरले आणि लॉरीच्या सगळ्या स्प्रिंगा एकदम घराकडे निघाल्या. फळी दणकन पुढे आली. माझे गुडघे कानांपाशी आले, एक पट्टा गळ्यात आला, आणि टोपी काढायला लावल्यामुळे मोकळी सुटलेली शेंडी वरच्या कप्पीत गेली. प्रोफेसर मोठ्या धीराचे. पण ते आहेत मूठभर माणूस, त्यांतून एक खांदा जर्मनीत ठेवून आलेले. त्यांच्याने ना फळी हलली ना मी. शेवटी बाहेरून मदत आली (कोणाची ते मागाहून) आणि मी मोकळा झालो. शेंडी बहुतेक सगळी परत मिळाली.

जाताना प्रोफेसरांनी माझा हात धरून सांगितले की असे शरीर त्यांनी उभ्या जर्मनीत पाहिले नाही. तेव्हा अक्का, काळजी नको. पहिला वर्ग झाला आहे, उत्साह टिकून आहे, चड्डीसुद्धा टिकून आहे. मोतीरामला तू काहीही सांगायचे नाहीस. आमंत्रण दे, चांगला जेवू घाल, पंगतीत तूप वाढायला उभा कर. मैनेला उचलण्याचा मान या घरचाच राहील.

बाकी काय लिहू? लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण बसून लिहवत नाही आणि उभ्याने लिहिले की शाई ओघळते. तुझा लोभ आहेच, तो मोतीरामकडे वळू नये एवढीच इच्छा.

तुझा धाकटा भाऊ,
रंगनाथ

ता. क. १ — वरचे पत्र वाचून पाहिले. त्यात खोटे काही नाही, पण प्रोफेसर पुढे जे बोलले ते लिहायचे राहिले. ते म्हणाले की दिवाळीपर्यंत पाण्याने भरलेल्या तांब्यापेक्षा जड काही उचललेत तर पुढे तुम्हालाच लोकांनी उचलावे लागेल. वैशाख तर पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा मी मैनेला उचलू शकत नाही. हे लिहिताना फार वाईट वाटते आहे, थट्टेत घेऊ नकोस.

ता. क. २ — आता खरे काम सांगतो. पागेत मदतीला आली ती तुझी भावजय. माझे धोतर सांभाळत ती बाहेर बसली होती. माझा आवाज ऐकून आत आली, पदर खोचला, एका हाताने फळी मागे रेटून धरली आणि दुसऱ्या हाताने मला चड्डीसकट बाहेर काढले. शेंडी तिनेच सोडवली. मग मला उचलून थेट टांग्यात नेऊन ठेवले, भर रस्त्यात, लोकांदेखत. प्रोफेसर मागोमाग धावत आले आणि विचारू लागले की बाई, तुम्ही कुठल्या तालमीच्या. ती म्हणाली, पाणी भरते रोज. टांगा पुलावर आला तेव्हा ती नदीकडे बघत होती. मैनेला रोज वैद्यांकडे कोण नेत असे, ते तुला ठाऊक आहे. मी तेव्हा दुकानात असे. शब्द मी दिला, पण पूल ओलांडला तो तिने, मैनेला कडेवर घेऊन, थंडीत, उन्हात. नदीकडे बघतच ती एवढेच म्हणाली, "आता केवढी जड झाली असेल हो ती?"

अक्का, तुझ्या थोरलीच्या लग्नात हळद लावायला सवाष्णी बोलावल्या, तेव्हा दाजींच्या आत्याबाई चिमणाबाई यांनी हिला हळूच बाजूला घेतले आणि मूलबाळ नाही म्हणून मागे थांबायला सांगितले. ही आत जाऊन भाजी निवडत बसली. मला तिने कधी सांगितले नाही, दुसऱ्यांकडून कळले. त्याआधीच्या आणि नंतरच्या सगळ्या लग्नांत ती अशीच मागे चुलीपाशी असते आणि मला ते सहन होत नाही. तेव्हा माझी मागणी अशी की मैनेला मामीने उचलून बोहल्यावर आणावे. मी पुढे वाट मोकळी करत चालेन, लोकांना वाटले तर मामाने आणली असे वाटू दे. तुमच्या भटजींना विचार, शास्त्रात मामीला मनाई कुठे लिहिली आहे का. मनाई निघाली तर त्यांना म्हणावे, कायदा बदलून मुलगी मोठी झाली, मामा काही बदलला नाही, मग उचलायचे कोणी? मैनेला विचारायची मात्र गरज नाही. मामीच्या गळ्यात हात कसे घालायचे ते तिला माहीत आहे.

ता. क. ३ — हे पत्र मी दुकानात बसून (उभ्याने) लिहिले आहे, घरी काही बोललेलो नाही. तुझे उत्तर 'नाही' असे असेल तर माझ्या नावाने पत्र टाक, त्यात नुसते मोतीराम उचलणार असे लिही, तेवढे मी तिला वाचून दाखवीन. 'हो' असेल तर पाकीट तिच्या नावाने पाठव. ती अक्षर लावून वाचते, आणि आजवर टपालाने तिच्या नावाचे काही आलेले नाही. वर स्वच्छ लिही, सौ. सगुणाबाई, भांडी बाजार, नाशिक, बस. माझे नाव कुठेही घालू नकोस. पोस्टमन चुकायचा नाही. तिने मला टांग्यात ठेवले तेव्हा घोडा त्यानेच धरला होता.